टेंभुर्णी एकटी लावू नका

सोलापूरच्या एसटीत कंडक्टर ‘टेंभुर्णी’ म्हणून पुकारतो, तेव्हा उतरणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या नावाचं झाड पाहिलेलं असतं? आकुर्डीत कामाला आलेल्या माझ्या विदर्भातल्या शेजाऱ्यांना मात्र ते दाखवावं लागत नाही. तिकडे उन्हाळा म्हणजे तेंदूपत्ता, विडीसाठी लागणारं टेंभुर्णीचंच पान. पहाटे रानात जायचं, दुपारी अंगणात बसून 70 पानांचे पुडे बांधायचे. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा हा पत्ता स्वतः विकू लागल्या.

पण टेंभुर्णी म्हणजे नुसतं विडीचं पान नव्हे. पानासाठी झुडपं छाटली जातात, त्यांना फळाला यायला सवडच मिळत नाही. काळा आबनूस हिच्याच गोतातला. दिवाळीच्या सुमारास हिमाचलातून येणारं, टोमॅटोसारखं दिसणारं ‘जपानी फळ’ही हिचंच भावंड. ते आपण महागाचं घेतो, आणि आपल्या टेंभुर्णीची फळं, टेंभरं, मुलांच्या जिभेला ठाऊक नाहीत! ऐन उन्हाळ्यात पिकून पिवळी होतात, गोड लागतात. कच्चं खाल तर तोंड आवळून येईल.

आता मुद्दा. कोणी हौसेनं सोसायटीत एक रोप लावतं आणि वर्षानुवर्षं फळाची वाट पाहतं. अहो, टेंभुर्णीचं नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं! आकुर्डीच्या कामगाराला हे लगेच पटेल. नुसता बोल्ट घेऊन काय आवळणार? नट हवाच. त्यातही नट-बोल्ट निदान दिसायला निराळे. ही रोपं अगदी सारखी. फुलल्याशिवाय उलगडा होत नाही. नराची फुलं झुपक्यानं येतात, मादीचं बहुधा एकेकटं. म्हणून डब्यातून नट-बोल्ट मूठभर उचलावेत तशी पाच-सहा झाडं जवळजवळ लावा. पुन्हा सांगतो, एक लावू नका.

आणि शक्यतो बीच पेरा. सोटमूळ खोल जाणारं असतं, पिशवीत ते वळून बसतं. झाड सावकाश वाढतं, तेव्हा धीर धरा. आकुर्डीजवळच्या दुर्गा टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्यांनी तिथेही अशी पाच-सहा झाडं लावण्याची मागणी उद्यान खात्याकडे करावी.

यंदा मे महिन्यात गावी जाल, तेव्हा टेंभरं खा आणि बिया खिशात टाकून आणा. पहिल्या पावसात पेरा. पाच-सहा तरी.