नगराध्यक्षांना प्रश्न विचारण्याचा अधिकार
(नवनिर्वाचित नगरसेवकांच्या सत्कार समारंभातील भाषण)



हारतुरे झाल्यावर भाषण ऐकण्याची कोणाला हौस नसते, हे मी जाणतो. तरीही दिलेला विषय गरजेचा आहे. सन २०२१-२२ पासून राज्यातील अनेक नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. रस्ता उखडला, नळ कोरडा पडला, तरी सभागृहात उभे राहून जाब विचारणारा कोणी नव्हता, कारण सभागृहच नव्हते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनी ते परत आले. आता तेथे बसून करायचे काय, हा खरा प्रश्न आहे.

ठराव आणि अंमलबजावणी यांत किती अंतर असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे मोकळे झाले. पण पाण्याची ओंजळ भरण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंचा जमाव घेऊन जावे लागले. पुढे त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला आणि हक्काचा अखेरचा निकाल मुंबई हायकोर्टात १९३७ साली लागला. एका तळ्यासाठी एवढे! म्हणून ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द कानावर पडले की बाक वाजवण्यापूर्वी विचारावे : हे काम कोण करणार, कोणत्या तारखेला सुरू होणार आणि पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येणार?

असे विचारण्याचा अधिकार ही कोणाची मेहरबानी नव्हे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ याने प्रत्येक सदस्याला नगरपरिषदेच्या कारभाराविषयी अध्यक्षांना प्रश्न विचारण्याचा हक्क दिला आहे. कामातील हयगय, मालमत्तेची नासाडी, एखाद्या वस्तीची गरज, यांकडे लक्ष वेधण्याचाही दिला आहे. सामान्य नागरिकाला माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून ३० दिवस वाट पाहावी लागते. तुम्हाला मुख्याधिकाऱ्यांना सूचना देऊन कार्यालयीन वेळेत दप्तर पाहता येते. किती सदस्य ते पाहतात, हे आपण सर्वच जाणतो.

अध्यक्ष पुष्कळदा सांगतात, ‘ते मुख्याधिकाऱ्यांचे काम.’ अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांची, हे बरोबर. पण आर्थिक व प्रशासकीय कारभारावर देखरेख ठेवण्याचे कर्तव्य कायद्याने अध्यक्षांवर टाकले आहे. तेव्हा ‘आपण देखरेख काय केलीत?’ असे नम्रपणे विचारता येते.

अडचण कायद्याची नाही, भिडेची आहे. ज्यांनी तिकीट मिळवून दिले, ज्यांच्या गाडीतून प्रचार केला, त्यांनाच सभेत उभे राहून कसे विचारायचे? पक्षातली माणसे म्हणतात, घरातली गोष्ट घरात ठेवा. माझे मत स्पष्ट आहे. गटारीचे पाणी ज्याच्या उंबऱ्यात शिरते, त्याला आपला पक्ष आणि परका पक्ष असा भेद करता येत नाही. शिवाय राखीव जागेवर निवडून आलेला सदस्य गप्प बसला, तर त्या जागेमागचा हेतूच संपतो. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या, त्या खुर्च्या उबवण्यासाठी नव्हेत.

महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा खर्च करण्याचा विषय आला, तेव्हा नेमणूक सरकारची असूनही त्यांनी विरोध केला. तोच पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, हे त्यांचे म्हणणे. आपल्यापैकी कोणाची भीड याहून मोठी आहे काय?

आता विचारायचे कसे? ‘आमच्या प्रभागात पाणी केव्हा येणार?’ याला ‘लवकरच’ हे उत्तर ठरलेले आहे. त्याऐवजी लेखी विचारा : मागील महिन्यात आमच्या प्रभागात किती दिवस व प्रत्येक वेळी किती मिनिटे पाणी सोडले? व्हॉल्व्ह उघडण्याची नोंद कोण ठेवतो? बंदिस्त मलनिस्सारण असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर आणि नसलेल्याला ७० लिटर हे प्रमाण धरले जाते. आपल्या वस्तीला किती मिळते? रस्त्याबाबत कार्यारंभ आदेशाची तारीख, ठेकेदारावर दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षे आहे आणि मोजमाप पुस्तिकेत खडीचा थर किती जाडीचा लिहिला आहे, हे विचारा. मग घरची पट्टी घेऊन रस्त्यावर जा. उत्तर मिळो न मिळो, आपला प्रश्न इतिवृत्तात आला की नाही, ते पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना वाचून पाहा. ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली काय काय आत सरकते, यावर तर डोळ्यात तेल घालून नजर ठेवा.

आणखी एक. हाताने मैला साफ करण्याच्या कामाला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही तुंबलेल्या गटारीत माणूस उतरवला जात असेल, तर तो बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. यंत्र आहे काय, ते चालू आहे काय, चालक आहे काय, हे तीन प्रश्न पहिल्याच सभेत विचारा.

भगिनींना विशेष विनंती. निम्म्या जागा महिलांच्या आहेत. प्रश्नाच्या कागदावर सही तुमची आणि बोलणारे यजमान, असे होऊ देऊ नका. पाण्यासाठी रात्री दोनला कोण उठते, हे सभागृहाला तुमच्याइतके कोण सांगणार?

अंदाजपत्रक १ एप्रिलपूर्वी मंजूर व्हायचे असते, तेव्हा आपल्या मागण्या त्याआधी लेखी द्या. अधिनियमाची मराठी प्रत मी सोबत आणली आहे. ती येथील वाचनालयात ठेवून जातो. पाळीपाळीने घरी न्या, खुणा करा, मात्र आठ दिवसांत परत आणा.