तक्रार कोणी बंद करायची?

(गणेशोत्सवातील 'सभासदांचे मनोगत' या कार्यक्रमात केलेले भाषण)



'तंत्रज्ञान आणि आपण' असा भारदस्त विषय आपल्या चिटणीसांनी माझ्या गळ्यात घातला आहे. मी डिप्लोमावाला माणूस. बावीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली, त्यातली चौदा इथं बिलासपूरला. सिग्नल हिरवा का होत नाही ते सांगू शकेन, त्यापलीकडे माझी धाव नाही. म्हणून माझ्या क्वार्टरमधल्या एका डब्याची हकीकत सांगतो. डबा म्हणजे गाडीचा नव्हे, इंटरनेटचा!

माझी आई मिरजेला धाकट्या भावाकडे असते. वय ८१. तिला जवळजवळ ऐकू येत नाही. कानातलं यंत्र फोनपाशी नेलं की शिट्टी मारतं. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखते. म्हणून रोज संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल. मी विचारतो, "जेवलीस का?" ती विचारते, "भाजी काय केली होती?" संभाषण एवढंच, पण दिवा लावून झाला की ती टॅबलेटसमोर येऊन बसते.

मे २०२४ मध्ये, नवतपा सुरू व्हायच्या बेतात असताना, तो डबा बिघडला. दर पाच-दहा मिनिटांनी सगळे दिवे विझायचे आणि पुन्हा एकेक करत लागायचे. सकाळी त्यातल्या त्यात बरा, संध्याकाळी हमखास बंद. तुम्ही म्हणाल, मोबाईलवरून बोलायचं. आमच्या क्वार्टरमध्ये रेंज कशी येते ते कॉलनीतल्या मंडळींना सांगायला नको. चित्र अडकतं, आणि ओठ अडकले की आईला काही समजत नाही. दोन दिवस मैदानात जाऊन प्रयत्न केला. तिथं रेंज होती, पण उजेड नव्हता.

कस्टमर केअरला फोन केला. एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा. मग एक मुलगी म्हणाली, "सर, डिवाइस बंद करके चालू कीजिए।" म्हटलं, बाई, तो स्वतःच दिवसातून शंभर वेळा बंद करके चालू होतो आहे, तीच तर तक्रार! "लाल बत्ती जल रही है क्या?" नाही. लाल दिवा लागला तर बाहेरून येणाऱ्या फायबरमध्ये दोष. इथं तर सगळेच दिवे जात होते, म्हणजे दोष घरातच. पण तिच्यासमोरच्या कागदावर हा प्रश्न नसावा. तिनं तक्रार क्रमांक दिला. चार तासांनी मेसेज आला : आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.

कोणी आलं नव्हतं! पुन्हा तक्रार, पुन्हा निवारण. तिसऱ्या वेळी शेरा होता, 'ग्राहक घरी नव्हते'. आमची सौ. दिवसभर अंगणात कुरडया वाळत घालत बसली होती. सतराव्या दिवसापर्यंत कालनिर्णयाच्या पानामागं सात तक्रार क्रमांक जमा झाले.

आता आमच्या खात्यात काय चालतं ते बघा. पॉइंट किंवा सिग्नल दुरुस्तीला घ्यायचा तर आधी स्टेशन मास्तरला लेखी डिसकनेक्शन द्यावं लागतं, त्याचा फॉर्म टी-३५१. काम झालं की रिकनेक्शन. मास्तर स्वतः पॅनेलवर चालवून बघतो आणि मग सही करतो. ज्याला गाडी चालवायची आहे तोच सांगणार की दुरुस्त झालं. मी खोलीत बसून 'ठीक आहे' लिहिलं, तर माझी नोकरी ठीक राहणार नाही. आणि इथं ज्यानं दुरुस्त करायचं तोच तक्रार बंद करून मोकळा होतो, घरातल्या माणसाला न विचारता.

सहाव्या तक्रारीला मी त्या मुलीवर फार ओरडलो. माझ्याकडे नुसता चष्म्यावरून बघून धाकटी लेक आतल्या खोलीत निघून गेली. मागं एका पावसाळ्यात ट्रॅक सर्किट गेलं होतं, तेव्हा कंट्रोलवाला माझ्यावर असाच ओरडला होता. चूक ना माझी होती, ना या मुलीची.

चूक होती ती वेगळीच. आधीच्या आठवड्यात मी ऐटीत मल्टिमीटर काढून डब्याचा अडॅप्टर तपासला होता. १२ व्होल्टचा, मीटरनं बारा दाखवले. "अडॅप्टर उत्तम, डबा खराब," असा निकाल देऊन मोकळा झालो, आणि तेच दर वेळी फोनवर ठासून सांगत राहिलो.

सतराव्या दिवशी एक पोरगा आला. जांजगीरकडचा, विशीतला, मोटारसायकलवर घामाघूम. मी मीटरची कथा ऐकवली. तो नम्रपणे म्हणाला, "सर, लोड पे देखा था क्या?"

मंडळी, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बॅटरीचा सेल नेहमी लोडवर मोजायचा, हे मी नव्या मुलांना गेली कित्येक वर्षं शिकवतो आहे! डबा जोडून मोजलं तर बाराचे साडेआठ. आतला कपॅसिटर उष्णतेनं सुकलेला, त्यात संध्याकाळी घरातले सगळे त्या डब्यावर तुटून पडणार. भार वाढला की व्होल्टेज कोसळायचं आणि डबा नव्यानं सुरू व्हायचा. तो अडॅप्टर टीव्हीमागं, वारा न लागेल अशा जागी मीच लावलेला.

पोरानं पिशवीतून जुना अडॅप्टर काढून लावला. कंपनी सुटे अडॅप्टर देत नाही म्हणाला. कनेक्शन तोडलेल्या घरांतून गोळा करून ठेवतो. तक्रार वेळेत बंद झाली नाही तर पैसे कापतात, म्हणून वरचे लोक आधीच बंद करून टाकतात. सौ.नं दिलेलं पन्हं तो उभ्यानंच प्यायला. अजून चार घरं होती.

तुम्हाला उपयोगी पडेल ते सांगून ठेवतो. तक्रार क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. खोटं निवारण झालं तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे मलाही तेव्हाच कळलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. मी अपील केलं. बिलातून काही रुपये कमी झाले. सात खोट्या निवारणांबद्दल मात्र अवाक्षर नाही.

त्या संध्याकाळी साडेसातला आई दिसली. भाऊ मागून सांगत होता, सतरा दिवस ती रोज त्या काळ्या टॅबलेटसमोर अर्धा तास बसायची, उठ म्हटलं तर उठायची नाही. तिनं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "भाजी काय केली होती?"

मी म्हणालो, "दोडका."

"मोठ्यानं नको," ती म्हणाली, "सावकाश बोल."