गवारीचा डिंक आणि तेलविहीर
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्याकडे गवार म्हणजे कोवळ्या शेंगांची भाजी. परंतु शेंगा झाडावरच वाळू दिल्या, तर त्यांतील दाण्याचा डिंक तेलविहिरीच्या कामी येतो. तो कसा, हे प्रथम पाहू.

तुरीच्या दाण्यात साल आणि दोन डाळी असतात. गवारीच्या दाण्यात साल व डाळी यांच्यामध्ये डिंकाचा थर असतो. दाण्याच्या वजनात त्याचा वाटा सुमारे ३५ ते ४० टक्के भरतो. त्याची पूड शेकडा अर्ध्या भागाहून कमी टाकली तरी पाणी दाट होते.

खोल खडकात तेल बारीक छिद्रांत अडकलेले असते. मोठ्या दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडतात आणि त्या मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू भरतात. साध्या पाण्यात वाळू खाली बसते. डिंकाचे दाट पाणी ती आतवर नेते. नंतर विकर किंवा रसायन वापरून डिंक तोडतात. पाणी पातळ होऊन बाहेर येते व तेलाला वाट मिळते. रिठ्यातील फेसाळ द्रव्याने खडकाला चिकटलेले तेल सोडवण्याचे प्रयोगही प्रयोगशाळेत झाले आहेत. पण त्या भरवशावर आज रिठा लावू नका.

आता बाजाराकडे वळू. अमेरिकेत अशा विहिरी वाढल्या आणि २०१२ साली राजस्थानात गवार बी क्विंटलला ३०,००० रुपयांच्या घरात गेले. मार्च २०१२ मध्ये त्याचे वायदे व्यवहार थांबवावे लागले. पुढे पेरा वाढला, तेल कंपन्यांनी पर्याय शोधले आणि भाव कोसळले. २०१४ च्या अखेरीस खनिज तेल स्वस्त होताच विहिरींचे कामही मंदावले. चढा भाव धरून पेरणाऱ्यांचे गणित चुकले.

मग गवार पेरावी का? कमी पावसाच्या भागात, हलक्या व निचऱ्याच्या जमिनीत थोड्या क्षेत्रावर अवश्य पेरावी. ‘पुसा नवबहार’ हा भाजीचा वाण आहे. दाण्यासाठी एचजी-३६५ किंवा आरजीसी-९३६ यांसारखे वाण निवडावेत. बियाण्यास रायझोबियम जिवाणू संवर्धन चोळावे. शेतात पाणी साचू देऊ नये.

मात्र पेरणीपूर्वी खरेदीदार नक्की करा. डिंकाच्या गिरण्या मुख्यतः राजस्थान, गुजरात व हरियाणात आहेत. वाहतूक खर्च वजा करूनच हिशेब मांडा. तेलाचा बाजार आपल्या हाती नाही, पेरा आपल्या हाती आहे. भाव पडला तरी सोसेल, एवढेच क्षेत्र ठेवा.