राखाडी म्हणजे कोणता रंग?

आज बोलायचंय ते एका रंगाबद्दल. साडीच्या दुकानात आपण जो कधी आवडीनं मागत नाही, तो राखाडी.

आम्ही गटात सहज विचारलं, राखाडी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? एकीनं चूल सांगितली, एकीनं आखाडातलं आभाळ, तर एक म्हणाली, सासूबाईंचे केस. सगळ्या हसल्या. पण खरं सांगायचं तर सासूबाईंच्या डोक्यावर राखाडी केस फारसे नसतातच. जवळून बघा, काही काळे असतात, काही पांढरे. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी थकल्या की तो केस पांढरा उगवतो. दोन्ही शेजारी-शेजारी असले, की लांबून राखाडी दिसतात. वर्तमानपत्रातला जुना फोटोही तसाच. भिंग लावून पाहिलं तर नुसते काळे ठिपके, दाट किंवा विरळ. चेहऱ्यावरची सावली आपला डोळा तयार करतो.

बाकी राखाडी हे नाव आलं राखेवरून, आणि राख म्हटली की आमच्या डोंगरपट्ट्यात आधी आठवतो राब. आंबेगावच्या आणि जुन्नरच्या पश्चिमेकडे राहणाऱ्या बायांना तो सांगायला नको, पण मंचर-नारायणगावकडच्या मैत्रिणींसाठी सांगतो. उन्हाळ्यात दाढीच्या जागेवर शेण, पातेरा, झाडाच्या डहाळ्या आणि गवत यांचे थर घालायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचं. जाळ भडकू द्यायचा नाही, धुमसू द्यायचा. त्यानं वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, किडे मरतात, राखेतून पालाश मिळतं आणि माती भुसभुशीत होते. आवणाच्या वेळी रोप मुळं न तुटता उपटून येतं. डोक्यावरून ते भारे वाहणाऱ्या बहुतेक आपणच, तेव्हा राब चांगला की वाईट हे आपल्याला विचारायला हवं.

मग आम्ही काय सांगू? रोप छान येतं, हे खरं. झाडं दरवर्षी छाटून बोडकी होतात, हेही खरं. मातीतला सेंद्रिय भाग जळतो, धूर डोळ्यांत आणि छातीत जातो. चारसूत्री भातशेतीत यावर एक वाट सांगितली आहे. गिरणीतल्या भाताच्या तुसाची राख दाढीच्या मातीत मिसळायची, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. त्या राखेत सिलिका भरपूर असते, तिनं रोपाचा कणा कडक होतो. आमच्यातल्या काहींनी एका वाफ्यावर ती वापरली, शेजारच्या वाफ्यावर राब भाजला. राब पूर्ण सोडायला कुणी तयार नाही, आम्हीही नाही. पण डहाळ्यांचे भारे कमी झाले.

आणखी एक राख आपल्याच तालुक्यात आहे, ती मात्र कुणी जाळलेली नाही. जुन्नरमधल्या बोरी बुद्रुकला कुकडी नदीच्या काठच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली आहे. ज्वालामुखी कुठला? शास्त्रज्ञ सांगतात, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचा टोबा. इथून तीन हजार किलोमीटरांहून लांब! तिथून उडालेली राख वाऱ्यावर इथपर्यंत आली आणि नदीच्या गाळात दबून राहिली. तिच्याजवळ माणसानं घडवलेली दगडी हत्यारंही मिळाली. राखेच्या वयावरून मात्र अभ्यासकांत वाद झाले. कुणी म्हणालं ७५ हजार वर्षं, कुणी साडेसहा लाखांच्या वर, कुणी त्याहूनही जुनी. तपासणारे सगळे शिकलेले, राख एकच, तरी उत्तरं वेगळी.

आता हिरड्याकडे येऊ. कच्चा हिरडा लोखंडी विळीवर कापला की पातं आणि बोटं काळीनिळी पडतात, आणि डाग चार दिवस जात नाही. हिरड्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ते लोखंडाला भेटलं की काळपट रंग तयार होतो. जुन्या काळी यातूनच शाई करत, कापड रंगवत. चामडं कमवायलाही हिरडा लागतो, म्हणून तर व्यापारी तो नेतात. आम्ही सुती कापडाचा तुकडा हिरड्याच्या पाण्यात भिजवला, तो फिका पिवळट झाला. वाळवून लोखंडाच्या पाण्यात बुडवला, आणि बघता-बघता राखाडी झाला. पुन्हा बुडवला तर गडद. पुन्हा बुडवला तर जवळजवळ काळा. नुसता काळा आणि पांढरा कालवून येतो तसा हा मेलेला राखाडी नव्हता, त्यात थोडी हिरवट झाक होती.

त्याच हिरड्यानं आम्हाला अडचणीतही टाकलं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातली हिरड्याची झाडं पडली. भरपाईसाठी लोकांना पुढं कितीतरी काळ मागणी करत राहावं लागलं. झाड मालकीच्या रानात, पण कुणी पेरलेलं नाही. मग ते पीक की वनोपज? घर मात्र त्याच्यावर चालतं.

आमच्या गटातल्या एकीचंही घर असंच चालतं. तिचे तीन हप्ते थकले. नियमाप्रमाणं आम्ही बैठकीत नाव वाचलं आणि वहीत लाल शाईनं 'थकीत' लिहिलं. ती मान खाली घालून बसली, काही बोलली नाही. आठ दिवसांनी तिच्या जावेकडून कळलं, बाळहिरडा काढताना ती फांदीवरून पडली होती आणि हात मोडला होता. पदराखाली हात होता, आमच्यातल्या कुणी पाहिलाच नाही. वाळलेला माल व्यापाऱ्यानं उधारीवर नेलेला, पैसे पावसानंतर.

मग पुन्हा बैठक झाली. दंड माफ करा, असं बरीचजणी म्हणाल्या. एक जण मात्र उठून म्हणाली, "मागल्या साली मी शेळी विकून हप्ता भरला, तेव्हा मला कुणी विचारलं होतं का?" कुणालाच उत्तर देता आलं नाही, कारण आम्ही खरंच विचारलं नव्हतं. शेवटी दंड माफ, व्याज कायम आणि हप्ते दिवाळीपर्यंत पुढं, असं ठरलं. दोघींना ते पटलं नाही, तसं इतिवृत्तात लिहिलं आहे. लाल शाई खोडता येत नव्हती, म्हणून त्या पानावर कागद चिकटवला. तेव्हापासून थकलेला हप्ता आधी पेन्सिलनं लिहितो. दोघीजणी तिच्या घरी जाऊन येतात, मगच शाई लागते. शेळी विकणारीच्या घरीही उशिरा का होईना, जाऊन आलो.

तिचं प्लास्टर निघालं आहे. एक हप्ता आला, दोन बाकी आहेत.

पुढच्या आठवड्यात रंगाची कृती सांगणार आहोत. तोवर एका मडक्यात गंजके खिळे, मूठभर गूळ आणि पाणी घालून ठेवा. पंधरा-वीस दिवस लागतात, वास येतो, म्हणून घराबाहेर ठेवा. ते मडकं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.