बोल्ट किती आवळावा?
(गुढियारी, रायपूर येथे कारागीर बंधूंसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पगाराचा नाही, बोनसचाही नाही. आज बोल्टविषयी बोलायचे आहे. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षे हातात पाना धरला त्यांना बोल्ट आवळायला काय शिकवता, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. पण जोडणी सुटली की चौकशी शेवटी ज्याच्या हातात पाना होता त्याच्यापाशीच येऊन थांबते, म्हणून हा विषय संघटनेचाही आहे.

आपली गुढियारी स्टेशनाला लागून आहे. जवळच वॅगन दुरुस्तीचा कारखाना, डिझेल शेड आणि इकडे घाऊक बाजाराच्या मालमोटारी. रेल्वेच्या नोकरीने नागपूर-गोंदियाकडची पुष्कळ मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली. आज बाप शेडमध्ये आणि मुलगा मोटार गॅरेजमध्ये, अशी घरे आहेत. टपाल खात्याच्या मोटारींवर काम करणारे बंधूही येथे बसले आहेत. दोन्हीकडे टर्बो आहे, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच बोलतो.

टर्बो म्हणजे काय, ते थोडक्यात. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका चाकाला फिरवतो आणि त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचे पेटंट घेतले. आपल्याकडे 1962 साली अमेरिकेहून आलेल्या आणि 1964 पासून वाराणसीत तयार झालेल्या डब्ल्यूडीएम-2 इंजिनाची 2600 अश्वशक्ती याच टर्बोच्या जोरावर होती. त्याचा रोटर मिनिटाला अठरा हजारांच्या आसपास फिरतो. मोटारीचा टर्बो मुठीएवढा, पण त्याचा वेग लाखाच्या पुढे जातो. आता विद्युतीकरणामुळे रेल्वेत डिझेलचे काम कमी झाले, पण रस्त्यावर जवळजवळ प्रत्येक डिझेल गाडीला टर्बो आहे. तेव्हा ही विद्या निवृत्तीनंतरही उपाशी ठेवणार नाही.

आता बोल्टकडे येऊ. बोल्ट आवळला म्हणजे तो घट्ट बसला, असे आपण म्हणतो. खरे पाहता बोल्ट ही एक स्प्रिंग आहे. आवळताना तो केसाएवढा ताणला जातो, परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांना दाबून धरतो. हवा असतो तो हा ताण. पान्यावर लागलेला जोर आणि हा ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या पगारपत्रकासारखा हा हिशेब आहे. पान्यावर शंभर रुपयांचा जोर लावला तर साधारण पन्नास बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात कापले जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणात कापले जातात आणि प्रत्यक्ष ताणण्यासाठी हातात येतात दहा. आता आट्यांना कोणी न सांगता ऑईल लावले आणि कपात नव्वदवरून ऐंशीवर आली, तर हातात दहाऐवजी वीस आले. पगारात ही गोष्ट आनंदाची, बोल्टमध्ये घाताची. पान्यावरचा आकडा तोच दिसतो, पण बोल्ट दुप्पट ताणला जातो आणि कायमचा लांबतो किंवा तुटतो. उलट आट्यांत काजळी अडकली असेल तर सगळा जोर घर्षणातच जातो, पाना वाजतो आणि बोल्ट आतून सैल राहतो. म्हणून पुस्तकात दिलेला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की ऑईल लावून, हे आधी पाहायचे. टर्बोच्या धुराकडच्या बोल्टना चिकटू नये म्हणून लावायचे मलम ठरलेले असते. तेच लावायचे, ग्रीज नव्हे. आटे तारेच्या ब्रशने साफ करून बोल्ट हाताने पूर्ण फिरतो का, ते पाहिल्याशिवाय पाना उचलू नये.

मग क्रम. गोल फ्लँजचे बोल्ट ओळीने आवळत गेले तर एक बाजू आधी बसते, दुसरी उचलली जाते आणि पॅकिंग एकीकडे चेपते. समोरासमोरचे, म्हणजे फुली मारल्यासारखे आवळावे. तेही एका दमात नाही. पहिल्या फेरीत ठरलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, दुसरीत दोन-तृतीयांशापर्यंत, तिसरीत पूर्ण. शेवटी एक फेरी ओळीने, फक्त तपासणीची. मोटारीच्या टर्बोला काही ठिकाणी बोल्टऐवजी गोल पट्टीचा क्लँप असतो. तो आवळता आवळता भोवताली लाकडी हातोडीने हलके ठोकत जावे, नाहीतर पट्टी एका जागी अडकून राहते आणि नट मात्र घट्ट लागतो.

टॉर्क पाना वाजला की थांबायचे. खात्रीसाठी म्हणून पुन्हा एकदा ओढण्याची जी सवय आहे, ती सोडा. पान्याला पाइप लावणे तर साफ बंद. काम झाल्यावर पान्याचा आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा, नाहीतर आतली स्प्रिंग दमते. रोटरच्या टोकाच्या नटाबाबत आणखी एक सांगतो. काही टर्बोमध्ये त्याचे आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावण्यापूर्वी पाहून घ्या. चाक, दांडा आणि नट यांवरच्या खुणा जुळवूनच तो बसवायचा, कारण तोल त्या जुळणीत साधलेला असतो. पाना एका बाजूने ओढून दांड्यावर वाकडा भार येऊ देऊ नये.

एका शेडमधले प्रकरण सांगतो, नाव घेत नाही. भिंतीवरचा तक्ता जुना, फूट-पौंडातला. नवा पाना आला तो न्यूटन-मीटरचा. तक्त्यात 60 होते, फिटरने पान्यावर 60 लावले. 60 फूट-पौंड म्हणजे सुमारे 81 न्यूटन-मीटर. म्हणजे बोल्टला पाऊण भागही जोर मिळाला नाही. दोन-तीन फेऱ्यांत फ्लँजमधून धूर गळू लागला आणि एसएफ-11 मिळाली ती फिटरला! तक्ता कोणी लावला, पाना कोणी दिला, हे विचारायला कोणी तयार नव्हते. शेवटी उत्तरात तक्त्याची नक्कल आणि पान्याचा नंबर जोडला, तेव्हा प्रकरण मिटले. हे दोन कागद नसते तर त्याची वेतनवाढ गेली असती.

10 जून 1990 ची इंग्लंडमधली हकीकत तर जगाला माहीत झाली. ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच उडाल्यानंतर थोड्याच वेळात, सतरा हजार फुटांवर, निखळून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, विमान साउदम्प्टनला उतरले आणि तो वाचला. आदल्या दिवशी पहाटे ती काच बदलली होती. 90 बोल्टपैकी 84 किंचित बारीक निघाले, उरलेले सहा आखूड. बसवणारा माणूस अनुभवी होता. रात्रपाळी, माणसे कमी, म्हणून पाळीप्रमुख स्वतःच कामाला लागला. जुना बोल्ट नमुना म्हणून धरला, तर मुळात तोच चुकीच्या मापाचा होता. नवे बोल्ट अंधुक उजेडात डोळ्याने जुळवून घेतले. दुसऱ्याने तपासावे असा नियमच त्या कामाला नव्हता. चौकशी अहवालात या सर्व गोष्टी आल्या, एकट्या माणसावर बोट ठेवून अहवाल संपला नाही. आपल्याकडच्या चौकश्यांनी हे वाचावे.

तेव्हा काढलेला बोल्ट पुस्तकाशी जुळवा. डोक्यावरचा आकडा वाचा. 8.8 म्हणजे चौरस मिलिमीटरला साधारण 80 किलोचा भार सोसणारा, 10.9 म्हणजे 100 किलोचा. धुराकडच्या बाजूला मात्र नुसती ताकद पुरत नाही, उष्णता सोसणाऱ्या पोलादाचाच बोल्ट लागतो. बाजारात मिळाला म्हणून साधा लावू नका. स्टोअरमध्ये नसेल तर मागणीचिठ्ठीवर तसे लिहून घ्या. पान्यावरच्या तपासणीची मुदत संपली असेल तर काम सुरू करण्यापूर्वी रजिस्टरमध्ये नोंद करा. जे बोल्ट आपण आवळले नाहीत त्यांच्यासमोर सही करू नका, साहेब कितीही घाईत असले तरी. पूर्ण आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची एक रेघ ओढा, बोल्टवरून फ्लँजवर येईल अशी. उद्या बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. पाळी बदलताना ज्यांवर रेघ नाही तेवढेच पुढच्या माणसाचे काम.

ऑईलच्या नळीच्या जोडाला सीलिंगची पेस्ट लावू नये. तिचा तुकडा आत सुटला की बेअरिंग कोरडे पडते. नव्याने जोडलेल्या टर्बोत चालू करण्यापूर्वी ऑईल भरावे. डब्ल्यूडीएम-2 वर इंजिन चौथ्या नॉचवर गरम करून बंद करतात आणि क्रँक थांबल्यापासून रोटर किती वेळ फिरतो ते घड्याळ लावून मोजतात. 90 ते 180 सेकंद ठीक. कमी आला तरी दोष, जास्त आला तरी दोष.

येथे टेबलावर एक जुनी फ्लँज, आठ बोल्ट आणि दोन पाने ठेवले आहेत, एक साधा आणि एक टॉर्कचा. आधी साध्या पान्याने अंदाजाने आवळा, मग दुसऱ्याने तपासू. प्रथम गॅरेजवाल्या मुलांनी यावे, नंतर शेडवाल्यांनी.