कमिट झालं म्हणजे काय झालं?



अध्यक्षीय भाषणात डेटाबेस सांभाळण्याच्या व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. ती मोडून मी एका बारीक विषयाला हात घालतो: चालू डेटाबेसची डिस्कवर लिहिण्याची पद्धत तो न थांबवता बदलणं.

डेटाबेसकडून 'कमिट झालं', म्हणजे व्यवहार पक्का नोंदला गेला, असं उत्तर आलं की आपण निश्चिंत होतो. पण नोंद आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) असते, मग ड्राइव्हच्या कॅशेत, आणि त्यानंतर कुठे टिकाऊ जागी पोचते. तिला तिथवर नेण्यासाठी एफसिंक ही आज्ञा द्यावी लागते. मॅकओएसवर तर साध्या एफसिंकनंतरही नोंद ड्राइव्हच्या कॅशेत राहू शकते.

2018 साली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींपुढे एक भयंकर गोष्ट आली. लिनक्सवर एफसिंक फसली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती चूक एकदा कळवी आणि मेमरीतली न लिहिलेली पानं लिहून झाल्यासारखी धरी. पोस्टग्रेस पुन्हा एफसिंक करी, या खेपेस यश मिळे, चेकपॉइंट पुरा झाला, म्हणजे डेटा डिस्कवर पोचला, असं समजून बदलांचा जुना लॉग निकालात निघे. डेटा गेलेला, आणि कुणाला पत्ता नाही! कर्नलवाल्यांची अडचणही खोटी नव्हती. कुणी पेनड्राइव्ह मध्येच उपटला, तर त्याची पानं मेमरीत किती काळ सांभाळायची? अखेर फेब्रुवारी 2019च्या आवृत्त्यांत पोस्टग्रेसने ठरवलं, की डेटा फाइलची एफसिंक फसली तर सर्व्हर पाडायचा आणि लॉगवरून सावरायचं. सुरक्षेसाठी चालता सर्व्हर मुद्दाम पाडणं अनेकांना रुचलं नसेल. मला मात्र तो निर्णय सोळा आणे योग्य वाटतो.

आता आपल्या कामाकडे वळू. महिनाअखेरीला व्याजआकारणीची बॅच रेंगाळते, वरून फोन सुरू होतात, आणि कुणीतरी मायएसक्यूएल या डेटाबेसमधली लॉग डिस्कवर फ्लश करण्याची सेटिंग 1 (प्रत्येक कमिटला) वरून 2 (साधारण सेकंदाला एकदा) वर नेतं. रिस्टार्ट लागत नाही, बॅच पळू लागते. आता वीज गेली तर साधारण सेकंदभरातले कमिट बुडू शकतात. बॅच संपते, 2 तसाच राहतो. उलटही घडतं: धोका ओळखून कुणी चालू सर्व्हरवर 1 करतो, कॉन्फिग फाइलमध्ये मात्र 2 राहतो. पुढच्या रिस्टार्टला सुरक्षा गायब. बदल रिस्टार्टनंतरही टिकावा म्हणून मायएसक्यूएल 8.0 मध्ये 'सेट पर्सिस्ट' आहे, पोस्टग्रेसमध्ये 'ऑल्टर सिस्टिम'. तरीही हे होतं, कारण बदल करणारा घाईत असतो.

सगळीच ढिलाई सारखी नसते, हेही सांगतो. पोस्टग्रेसमध्ये 'सिंक्रोनस कमिट' बंद केलं तर क्रॅश झाल्यावर शेवटचे काही कमिट जातील, डेटाबेस शाबूत राहील. ते एकेका व्यवहारापुरतंही बंद करता येतं. 'एफसिंक' बंद केलं तर वीज जाताच सगळा डेटाबेसच नासू शकतो. सेटिंगची व्याप्तीही सारखी नसते: एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये 'सिंक्रोनस' सेटिंग त्या-त्या कनेक्शनपुरतीच असते. एका ठिकाणी कडक केली म्हणून दुसऱ्या कनेक्शनला ती लागू होत नाही.

म्हणून एक विनंती. चाचणीच्या सर्व्हरवर नोंदी चालू असताना खरोखर वीज तोडा. 'किल' देऊन भागणार नाही, त्याने ऑपरेटिंग सिस्टिमची कॅशे जिवंतच राहते. मग कमिट झालेल्या नोंदी मोजा, आणि किती गेल्या ते ज्यांचा डेटा आहे त्यांना लेखी कळवा.