निरोगी दिसणाऱ्या जनावराचें रक्त

जनावर आजारी आहे कीं नाहीं, हें ओळखण्याच्या आपल्या जुन्या खुणा आहेत. नाकपुडी कोरडी पडली, कान लोंबले, रवंथ थांबला, म्हणजे गाय आजारी, हें शेतकऱ्याच्या घरचें लहान मूलही सांगतें. परंतु एक रोग असा आहे कीं, त्याच्यापुढें या साऱ्या खुणा निरुपयोगी ठरतात. त्यास ब्रूसेलोसिस म्हणतात. गाईम्हशींत तो सांसर्गिक गर्भपात या नांवानें ओळखला जातो. गाभणपणाच्या शेवटल्या महिन्यांत गाय गाभडते, वार अडकून राहते. पुढें मात्र तीच गाय पुष्कळदां नीट विते, चारा खाते, दूध देते आणि त्या दुधांतून रोगजंतु बाहेर टाकीत राहते.

हा रोग माणसासही होतो. ताप चढतो, उतरतो, पुन्हां चढतो. रात्रीं घामानें अंथरूण भिजतें, सांधे दुखतात, कंबर धरते, आणि हें आठवडेच्या आठवडे चालतें. आज त्यावर औषधें आहेत. पण तीं सहा आठवडे तरी नेमानें घ्यावीं लागतात. हयगय झाली कीं ताप उलटतो.

भूमध्य समुद्रांतील माल्टा बेटावर इंग्रजांच्या शिबंदीला या तापानें जेरीस आणलें होतें. सन १८८७ सालीं डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरानें मृत सैनिकांच्या प्लीहेंतून त्याचे जंतु वेगळे काढले. जंतु सांपडला, पण तो शरीरांत शिरतो कोठून, हें पुढें अठरा वर्षें उमगलें नाहीं. हवा, पाणी, गटारें, साऱ्यांवर संशय घेऊन झाला. शेळ्या मात्र धष्टपुष्ट दिसत. गवळी त्यांचा कळप दारोदार नेत व गिऱ्हाइकासमोर धार काढीत. सन १९०५ सालीं थेमिस्टोक्लीझ झामिट या माल्टी डॉक्टरांस प्रयोगासाठीं निरोगी शेळ्या हव्या होत्या. जंतु टोंचण्यापूर्वीं त्यांनीं शेळ्यांचें रक्त तपासलें, तों बहुतेकांच्या रक्तांत रोगाची खूण आधींच हजर! पुढें दुधांतही जंतु सांपडले. सन १९०६ सालीं शिबंदीस शेळीचें दूध बंद झालें आणि सैनिकांतील ताप झपाट्यानें ओसरला. नागरिकांत मात्र तो पुढें कित्येक वर्षें राहिला. सैनिकांचें दूध हुकमानें बंद करतां आलें. गवळ्याची शेळी हा त्याचा चरितार्थ होता.

ही खूण पाहतात कशी? जंतु शरीरांत शिरले कीं रक्तांत त्यांच्या विरोधीं प्रतिद्रव्यें उत्पन्न होतात. पशुवैद्य जनावराच्या मानेच्या शिरेंतून थोडें रक्त घेतात व तें गोठल्यावर वरचा रक्तरस निराळा करतात. त्याचा एक थेंब, गुलाबी रंगविलेल्या मृत जंतूंच्या थेंबांत मिसळून चार मिनिटें हलवितात. प्रतिद्रव्यें असल्यास जंतूंच्या बारीक गुठळ्या होतात. नसल्यास थेंब एकसारखा गुलाबी राहतो. गुठळी दिसल्यास दुसऱ्या कसोटीनें खात्री करून घेतात. लागण नुकतीच झाली असेल तर प्रतिद्रव्यें उमटलेलीं नसतात, म्हणून कांहीं काळानें तपासणी पुन्हां करावी लागते. मीं जन्मभर शिक्षकाचा पेशा केला. वर्गांत शांत बसणाऱ्या मुलास सारें समजलें आहे असें धरून चालतां येत नाहीं. त्यास प्रश्न विचारावा लागतो. गोठ्यांतही तसेंच आहे.

खरी अडचण पुढेंच येते. कित्येक देशांत बाधित जनावर मारून सरकार मालकास भरपाई देतें. महाराष्ट्रांत गोवधास कायद्यानें बंदी आहे, आणि जनावरांतील हा रोग खात्रीनें बरा करणारा उपाय नाहीं. मग बाधित गाय वेगळी बांधणें, ती निराळ्या जागीं विईल असें पाहणें, पडलेला गर्भ व वार उघड्या हातानें न उचलतां चुन्यासह खोल पुरणें, एवढेंच हातीं राहतें. ज्याच्या दावणीला दोनच गाई, त्यास हें परवडावें कसें? तो गाय मुकाट्यानें बाजारांत नेतो आणि रोग दुसऱ्याच्या गोठ्यांत जातो. तपासणी तेथेंच फुकट जाते. म्हणून घेणाऱ्यानें रक्ततपासणीचा दाखला मागावा, विकणाऱ्यानें तो लपवूं नये, अशी रीत पडली पाहिजे. आणि खरें सांगणारा मालक एकटा बुडूं नये, ही जबाबदारी दूधसंघांनीं व सरकारनें उचलली पाहिजे.

सन २०१९ सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेल्या कार्यक्रमांत ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांस लस टोंचण्याची योजना आहे. हें वय कटाक्षानें पाळावें. कारण मोठ्या जनावरास ती लस टोंचल्यास तशींच प्रतिद्रव्यें रक्तांत दीर्घकाळ राहतात आणि तपासणींत घोटाळा होतो.

शहरवासीयांचा यांत काय संबंध? धारोष्ण दुधाची आपणांस मोठी आवड. कोल्हापुरांत म्हैस समोर पिळून तें पिण्याची चाल प्रसिद्धच आहे. माल्टांतील गिऱ्हाईकही समोर काढलेली धार पाहूनच निश्चिंत होत असे. समोर काढलेलें दूध बिनपाण्याचें असतें. बिनजंतूंचें असतेंच असें नाहीं. उकळी आली कीं हा जंतु मरतो. तेव्हां दूध तापवूनच प्यावें, आणि घरीं रतीब घालणाऱ्या गवळ्यास एकदां आपुलकीनें विचारावें, कीं बाबा, गाईचें रक्त शेवटचें कधीं तपासलें? हा प्रश्न त्याच्या हिताचाही आहे. कारण गोठ्यांतील वार उचलणारे हात त्याच्याच घरच्यांचे असतात.